बर्फ आणायला मी धावलो होतो

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)



माझा एक जिममधला मित्र आहे, हिंजवडीतच कामाला. त्याने गेल्या हिवाळ्यात ऑनलाइन एक फुगवायचा टब मागवला. दर रविवारी सकाळी गॅलरीत तो टब, त्यात पाणी, त्यात दुकानातून आणलेल्या बर्फाच्या सहा पिशव्या आणि त्यात हा. तीन मिनिटं बसायचं, दात वाजवायचे, रील टाकायची. पहिल्याच रविवारनंतर साहेब चार दिवस सर्दीने आडवे. सर्दी व्हायरसने होते, बर्फाने नाही, हे मला माहीत आहे. पण हसायला आलंच.

हसायला आलं कारण हेच मुंबईत एकोणीसाव्या शतकात होऊन गेलंय. सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे ते, यांच्याकडे एका मेजवानीत आइस्क्रीम वाढलं गेलं. यजमानांना आणि काही पाहुण्यांना सर्दी झाली, आणि ‘मुंबई समाचार’ने लिहिलं की परदेशी थेरं केल्यावर असंच होणार. ट्रोलिंग तेव्हाही होतं, फक्त छापून यायचं.

तर आजचा विषय बर्फ. नेमकं सांगायचं तर गारव्याने माणूस बरा करता येतो, आणि आता सुंदरही करता येतो, ही कल्पना कुठून आली, कशी बदलली, कुठे बरोबर निघाली आणि कुठे चुकली. पण हा भाग मी करतोय तो त्या टबमुळे नाही. माझ्या काकांच्या पायामुळे करतोय.

मी रोह्याचा. २००९ चा जुलै, मी सातवीत. लावणी चालू होती. काका बांधावरून येत होते आणि त्यांच्या उजव्या पायाला पान लागलं. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे साप चावला असं तोंडाने बोलत नाहीत, पान लागलं म्हणतात. घोणस होती. ज्याने मारली त्याने ती दाखवायला आणली, म्हणून खात्रीने सांगतो. काका पडवीत बसले, पाय सुजायला लागला आणि ते ओरडायला लागले. काकांना ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, बर्फ लावा.

बारा वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं? पण त्या दिवशी ऐकलं, कारण दुसरं कुणाला काही सुचत नव्हतं. मी सायकल काढली आणि मासळी बाजारात गेलो. रेवदंड्याकडून मासळीचे टेम्पो येतात, त्यांच्याबरोबर लादीचा बर्फ असतो. अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणली. काकांचा पाय बादलीत, वरून फोडलेला बर्फ. दहा मिनिटांत काका शांत झाले. आजी म्हणाली, उतरतंय. मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. मी हीरो होतो. जवळजवळ दोन तास मी हीरो होतो.

तो पाय तिथेच सोडतो, शेवटी परत येऊ. आधी हा बर्फ आपल्याकडे आला कसा ते बघू.

गार पाण्याची हौस आपल्याकडे जुनीच. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करत, ते अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्या पाण्यात सुरई फिरवायची. औषध म्हणूनही गारवा जुना आहे: वाहतं रक्त थांबवायचे चार उपाय सुश्रुतसंहितेत येतात, त्यातला एक थंडावा. पण थंडावा सांगणं वेगळं आणि एप्रिल महिन्यात कोकणपट्टीवर बर्फ हातात असणं वेगळं. वाळा, चंदन, ओली पट्टी, माठ. आपली धाव तिथपर्यंत होती.

मग बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर आला. हा माणूस आजच्या स्टार्टअपवाल्यांचा पणजोबा शोभेल. हिवाळ्यात तळ्यांवर गोठलेला बर्फ करवतीने कापायचा, भुशात भरायचा आणि जहाजाने गरम देशांत विकायचा. १२ मे १८३३ ला त्याचं ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. पोचलं तेव्हा साधारण १०० टन शिल्लक होता. फ्रीज नाही, कॉम्प्रेसर नाही, नुसता लाकडाचा भुसा! मी ऑफिसमधून घरी येईपर्यंत माझं आइस्क्रीम टिकत नाही.

मुंबईत हा अमेरिकन बर्फ १८३४ मध्ये उतरला. पुढे गोदीजवळ त्यासाठी घुमटाची खास इमारत बांधली गेली, आइस हाऊस. ती आता नाही. फोर्टमध्ये जिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे तिथे ती होती. पुढच्या वेळी काळा घोड्याला फोटो काढायला गेलात तर दहा मिनिटं काढून जरा पुढे चालत जा. बघायला काही नाही, पण बोस्टनच्या तळ्यातलं पाणी तिथे साठवलेलं असायचं, एवढं डोक्यात ठेवून उभं राहायला मजा येते.

हा बर्फ आधी साहेबाच्या ग्लासात गेला, हे खरं. पण तो ‘तापावर औषध’ म्हणूनही विकला गेला, आणि डॉक्टर लोक तो रुग्णाच्या डोक्यावर ठेवायला सांगू लागले. जमशेटजींच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८४५ ला सुरू झालं, म्हणजे मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक आणि बर्फ हे साधारण एकाच पिढीत आले. रोह्यापर्यंत तो आला असेल का, याचा मी बराच विचार केला. मुंबईहून रेवदंड्याच्या खाडीतून गलबतं अष्टमीपर्यंत येत. पण भरती-ओहोटी सांभाळत येणाऱ्या उघड्या गलबतात बर्फ कोण चढवेल? आमच्याकडे बर्फ आला तो खूप नंतर, कारखान्यात बनायला लागल्यावर, आणि तोही माणसांसाठी नाही, माशांसाठी.

आता ताप. इथे जरा थांबतो, कारण घोळाची सुरुवात इथे आहे.

तापलेल्या माणसाला गार करावं हे कुणालाही सुचेल. लिव्हरपूलच्या जेम्स करी नावाच्या डॉक्टरने १७९७ ला यावर पुस्तकच काढलं: तापाच्या रुग्णांवर गार पाणी ओतायचं आणि थर्मामीटरने मोजत राहायचं. मोजत राहायचं हे त्या काळात नवीन होतं. १८६१ ला जर्मनीतल्या अर्न्स्ट ब्रँडने टायफॉइडसाठी थंड पाण्याच्या टबाची पद्धत मांडली, आणि पुढे बरीच वर्षं मोठमोठ्या इस्पितळांत ती चालली. ताप ठरावीक आकड्याच्या वर गेला की रुग्णाला उचलायचं आणि थंड टबात बसवायचं. रुग्ण कुडकुडायचे, विनवण्या करायचे. माझा मित्र हौसेने करतो ते हे लोक नाइलाजाने करत होते.

आणि मग १९०२ ची मुंबई, गिरगाव. गांधीजी तेव्हा तिथे राहत होते, वकिली बसवायच्या प्रयत्नात. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल टायफॉइडने आजारी पडला, बरोबर न्यूमोनिया. पारशी डॉक्टर म्हणाले अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्या. गांधीजींनी नकार दिला आणि लुई कुन्हे या जर्मन निसर्गोपचारवाल्याच्या पुस्तकाप्रमाणे कटिस्नानं सुरू केली. ताप १०४ वरून हलेना. एका रात्री त्यांनी चादर भिजवून पिळली, मुलाला तिच्यात गुंडाळलं, वरून ब्लँकेटं, डोक्यावर ओला टॉवेल. मुलाला कस्तुरबांच्या हवाली केलं आणि स्वतः चौपाटीवर फिरायला निघून गेले, कारण बसवेना. परत आले तेव्हा मुलाला घाम फुटला होता, ताप उतरायला लागला होता. आत्मकथेत हे सगळं आहे. मला आवडतं ते हे, की शेवटी ते स्वतःच लिहितात: मुलगा कशाने बरा झाला, देवाच्या कृपेने, पाण्याच्या उपचाराने की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार! त्यांना मार्क द्यायला हवेत. आजकालच्या वेलनेसवाल्यांपैकी कुणाच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलेलं नाही.

(कस्तुरबांच्या हवाली करून फिरायला जाण्याबद्दल माझं वेगळं मत आहे. तो वेगळा एपिसोड होईल.)

आता माझ्या भाषेत सांगतो. शरीरात एक सेटिंग असतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये: तापमान ३७ ठेव. जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच ते सेटिंग ३९ करतं. कुणी हॅक केलेलं नाही, आपणच कॉन्फिग बदललंय. आता तुम्ही बाहेरून बर्फ लावलात तर शरीर म्हणतं, अरे, ३९ ला पोचायचंय, आणि कुडकुडायला लागतं. कुडकुडणं म्हणजे स्नायू हलवून उष्णता तयार करणं. तुम्ही एसी लावलाय आणि तो आतून हीटर चालू करतोय. म्हणून तापात आता पॅरासिटामॉल देतात, ते सेटिंगच खाली आणतं. आजीची मिठाच्या पाण्याची पट्टी बरी वाटते, लावू द्या तिला, पण लहान पोराला बर्फाच्या पाण्याने पुसून काढू नका.

उष्माघात दिसायला तसाच, पण आतून पूर्ण उलटा. तिथे सेटिंग ३७ च आहे. कूलिंग बंद पडलंय. सर्व्हर जळायला लागलाय. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य, कारण सेटिंगमध्ये चूक नाहीच. तिथे एकच औषध: बाहेरून गार करा, आत्ता, इथे.

हा फरक समजायला लोकांना फार वेळ लागला आणि फार माणसं गेली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी हिंदी फौज गेली तिच्यात मराठा पलटणी होत्या. तिथे उन्हाळ्यात गोळीने मेली नाहीत अशीही बरीच माणसं उन्हाने मेली. तिथल्या सैन्याचे सल्लागार डॉक्टर विल्यम विलकॉक्स यांनी १९२० मध्ये त्या अनुभवावर लेख लिहिला. उष्माघाताची खास केंद्रं उभारली गेली होती: माणूस आला की कपडे काढा, पाणी मारा, वारा घाला, बर्फ लावा. चौकशा नंतर. शंभर वर्षांनी महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत उन्हाळ्यात ‘उष्माघात कक्ष’ अशी पाटी लागते, ती त्याच केंद्रांची नात.

आणि हे आमच्यापासून लांबचं नाही. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिरा आहे, टाटांचं वीजघर आहे तिथे. तिथून सोडलेल्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं, तुमच्यापैकी अर्धे जण करून आले असतील. २८ मार्च २०१७ ला त्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली. मार्चमध्ये! देशभर बातमी झाली आणि आम्हाला लोक विचारायला लागले, तुम्ही कोकणात राहता ना? पण त्याहून मला लागून राहिलेली तारीख दुसरी आहे. १६ एप्रिल २०२३, खारघर. आमच्याच जिल्ह्यात, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, उघड्या मैदानात लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली. १४ माणसं गेली. पारा ४० च्या खालीच होता, पण हवा दमट होती, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. घाम सुकला नाही तर कूलिंग नाही. आमच्याकडूनही गाड्या भरून माणसं गेली होती. त्या संध्याकाळी रोह्यात प्रत्येक घरातून कुणाला ना कुणाला फोन लावला जात होता.

म्हणून हे कान देऊन ऐका. उन्हात माणूस पडला, अंग भाजतंय, आणि तो असंबद्ध बोलतोय किंवा शुद्ध हरपलीय: सावलीत ओढा, १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत गार करत राहा. मिळेल ते पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. मोठा टब किंवा पिंप असेल तर मानेपर्यंत गार पाण्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात आतलं तापमान ३९ च्या खाली आलं तर वाचायची शक्यता खूप वाढते. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. माझ्या मित्राच्या टबाचा खरा उपयोग हा आहे. मी त्याला तसं सांगितलंय, त्याने रील टाकली नाही.

आता दुसरा धागा. गारवा तापमान उतरवतो, तसा तो दुखणं बधिर करतो. आणि आणखी खाली गेलात तर मांस मारतो.

नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने १८०७ च्या पूर्व प्रशियातल्या थंडीत पाहिलं होतं की गोठलेले हातपाय कापताना सैनिक फारसे ओरडत नाहीत. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या जेम्स अर्नॉटने यातून उपचार काढला. कुटलेला बर्फ अधिक मीठ. बस, एवढंच. साधा बर्फ शून्यावर असतो, मीठ घातलं की मिश्रण वजा १८-२० पर्यंत उतरतं. पालखीच्या दिवशी रोह्यात कुल्फीवाला मटक्यात खडेमीठ टाकून बर्फ कोंबतो ना, तेच रसायन. अर्नॉट ते कर्करोगाच्या गाठींवर लावायचा, दुखणं कमी व्हायचं, गाठ थोडी आकसायची. मुरुमांवरही लावून पाहिलं त्याने. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचं यंत्र मांडलेलं होतं. क्लोरोफॉर्मने तेव्हा माणसं टेबलावर दगावत होती, म्हणून त्याचं म्हणणं असं की सगळा माणूस झोपवण्यापेक्षा जागाच बधिर करा.

पुढे शास्त्रज्ञांनी वायू द्रवरूप करायला सुरुवात केली आणि गारवा नेम धरून वापरता यायला लागला. १८९९ ला न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइटने द्रवरूप हवा कापसाच्या बोळ्याने चामखिळींवर लावली. १९०७ ला शिकागोच्या विल्यम प्युसीने कार्बन डायऑक्साइडचा बर्फ वापरून एका मुलीच्या चेहऱ्यावरचा मोठा केसाळ काळा डाग घालवला. इथे पहिल्यांदा थंडी सौंदर्याच्या खात्यात जमा झाली, असं माझं मत. १९५० नंतर द्रवरूप नायट्रोजन आला, वजा १९६ अंश, आणि आज कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे चामखीळ ‘फ्रीझ’ करायला गेलात तर तोच.

नायट्रोजनवरून एक गंमत. गांधीजींनी १९४६ ला पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तीच कटिस्नानं, तीच मातीची पट्टी. तो पुढे मणिभाई देसाईंनी चालवला, आणि त्याच मणिभाईंनी त्याच उरुळीत १९६७ ला बाएफ काढली, जिचं मोठं काम म्हणजे गोठवलेल्या रेताने गाईंचं कृत्रिम रेतन. ते रेत साठवतात द्रवरूप नायट्रोजनमध्ये. एकाच गावात गार पाण्याचा टब आणि वजा १९६! आमच्याकडे गोठ्यावर डॉक्टर यायचे तेव्हा त्यांच्या मोटारसायकलला बांधलेल्या त्या धूर सोडणाऱ्या किटलीला आम्ही पोरं जाम घाबरायचो.

पण नायट्रोजनबद्दल जे गोऱ्या लोकांच्या पुस्तकात तळटीप असतं ते आपल्यासाठी मोठा मुद्दा आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बाकीच्या पेशींपेक्षा खूप नाजूक. त्या वजा ४ ते ७ अंशांनाच मरतात, बाकीच्या त्याहून बऱ्याच खाली तग धरतात. म्हणजे चामखीळ जाते आणि मागे पांढरा डाग राहतो. गोऱ्या कातडीवर तो दिसत नाही. आपल्या कातडीवर दिसतो, आणि आपल्याकडे पांढरा डाग म्हटलं की लोक लगेच ‘कोड’ म्हणतात, मुलीचं लग्न असेल तर मग बघायलाच नको. तेव्हा पार्लरमध्ये कुणी ‘क्रायो’ म्हणून चेहऱ्यावर काही मारायला लागलं तर आधी उठा, मग विचारा.

चरबी गोठवून बारीक व्हायची जी जाहिरात तुम्हाला सारखी दिसते, तिचीही गोष्ट मजेशीर आहे. १९७० ला दोन डॉक्टरांनी लिहिलं होतं की बर्फाची कांडी चोखत बसलेल्या एका बाळाच्या गालात चरबीची गाठ झाली. कारण चरबी पाण्याच्या कितीतरी आधी थिजते, थंडीत खोबरेल तेलाची बाटली बघा. त्यावर विचार करून हार्वर्डच्या मॅनस्टाइन आणि अँडरसन यांनी २००८ ला दाखवलं की कातडीला धक्का न लावता खालची चरबी गारव्याने मारता येते. २०१० ला अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. थोडी चरबी कमी होते, हे खरं आहे. पण काहींच्या बाबतीत उलटं होऊन तिथेच चरबीचा टणक गोळा वाढतो. लिंडा इव्हांजेलिस्टा ही एके काळची सुपरमॉडेल २०२१ ला हेच सांगायला लोकांसमोर आली. आणि ते पूर्ण अंगाचं थंड कपाट, वजा ११० अंशांचं? ते जपानमध्ये १९७८ ला संधिवातासाठी सुरू झालं. आता ते वजन, त्वचा, झोप, नैराश्य सगळ्यावर विकतात. २०१६ ला अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट सांगितलं की यातल्या कशासाठीही अशा यंत्राला मान्यता दिलेली नाही. चेहरा बर्फाच्या पाण्यात बुडवला तर सूज तासभर उतरते, रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. फुकट आहे, करा. भाजलेल्यावर मात्र बर्फ नको. आमच्या धाटाव एमआयडीसीतल्या कुणालाही विचारा: साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं.

आता काकांचा पाय.

बर्फ लावा, हे मला सुचलं कुठून? क्रिकेटमधून. फलंदाजाला चेंडू लागतो, फिजिओ पळत येतो, फुस्स करून स्प्रे मारतो, आणि तो उठून पुढचा चेंडू खेळतो. तो स्प्रे म्हणजे झटकन उडून जाणारं रसायन, उडताना कातडी गार करतं आणि बधिर करतं. अर्नॉटचाच वारसा. बारा वर्षांच्या मला वाटलं की स्प्रेने दुखापत बरी होते. ती बरी होत नाही. फक्त अलार्म बंद होतो.

हीच चूक माझ्याआधी मोठ्या माणसांनी केली होती, हे मला कॉलेजात कळलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या हर्बर्ट स्टान्के या प्राध्यापकाने १९५० च्या दशकात सर्पदंशासाठी पद्धत सांगितली होती: आवळपट्टी बांधा आणि पाय बर्फात ठेवा, विष पसरणार नाही. कागदावर पटण्यासारखं आहे. लोकांनी केलं. मग हातपाय कापावे लागलेल्या रुग्णांच्या नोंदी यायला लागल्या. घोणशीसारख्या सापाचं विष चावलेल्या जागेचं मांस सडवतं, तिथला रक्तपुरवठा आधीच अडचणीत असतो, आणि आपण वरून बर्फ लावून उरलेल्या रक्तवाहिन्याही आकसवतो. पद्धत सोडून दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्पदंशाच्या मार्गदर्शक सूचनांत बर्फ लावू नका, हे लिहिलेलं आहे. पण ती सूचना २००९ मध्ये आमच्या पडवीपर्यंत आलेली नव्हती.

काकांचं दुखणं कमी झालं म्हणून आम्ही दोन तास थांबलो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा गाडी शोधली. प्रतिविष मिळालं, काका वाचले. महिन्याभराने दोन बोटं काढावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघून विचारलं होतं, “बर्फ कुणी लावला?” कुणीच बोललं नाही. मी दारात उभा होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम.

बोटं विषाने गेली की बर्फाने, हे मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनी सांगितलं, घोणस होती, बर्फ नसता तरी जाऊ शकली असती. पण दोन तास गेले ते विषाने नेले नव्हते.

आमच्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. १९७६ ला ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने पोरं पटापट जात होती. इतर लोक दंशाच्या जागेकडे बघत होते, बावस्कर रात्रभर रुग्णाशेजारी बसून बाकीचं शरीर बघत होते. त्यांच्या लक्षात आलं की नुसतं दुखतंय म्हणून जो थयथयाट करतो तो बहुतेक वाचतो. ज्याला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, त्याचं हृदय धोक्यात असतं. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर आलं आणि मृत्यू शंभरात तीसच्या आसपास होते ते अगदी मोजक्यांवर आले. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मी ते वाचलं तेव्हा आमची पडवी आठवली. आम्ही सगळे पायाकडे बघत होतो.

सर्पदंशात काय करायचं ते मोजक्या शब्दांत: कापू नका, चोखू नका, आवळू नका, बर्फ लावू नका. अंगठी, पैंजण, घड्याळ काढा. पाय मोडल्यावर बांधतो तसा फळी लावून सैल बांधा, माणसाला चालू देऊ नका, आणि जिथे प्रतिविष आहे अशा दवाखान्यात न्या. दुखतंय तर दुखू दे.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी काकांना फोन केला. तुमची गोष्ट सांगू का, विचारलं. म्हणाले, सांग की, नाव नको घेऊस. मग मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, काका, तुम्हाला माझा राग आला होता का?

ते म्हणाले, “अरे, त्या दोन तासांत पाय दुखला नाही ना माझा.”

मला काय बोलावं सुचलं नाही. मग त्यांनी विचारलं, गणपतीला कधी येतोयस, दिवा-रोहा मेमूने ये, हायवेच्या नादाला लागू नकोस.

तर मंडळी, भाग इथेच थांबवतो. तुमच्या घरात बर्फाचा, मिठाच्या पट्टीचा, गार पाण्याचा काही किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आजी-आजोबांच्या आवाजात असेल तर उत्तमच. पुढच्या भागात कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्यातच का, यावर बोलू.